चाचणीसाठी दिलेलं रक्त

हे प्रकरण एका मुलाचं म्हणून लिहिलं आहे, पण ते जसंच्या तसं एकाच मुलावर बेतलेलं नाही. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत घडतात तसे प्रसंग एकत्र बांधले आहेत आणि ज्यावरून कुणाची ओळख पटेल ते सगळं काढलं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी, कॉलेजात एचआयव्हीची जागृती करणारा रेड रिबन क्लब सांभाळणारे प्राध्यापक आणि दर वर्षी १ डिसेंबरची एड्स दिनाची रॅली ज्यांच्या गळ्यात पडते ते सगळे, यांनी हे वाचावं असं मनात धरून लिहिलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एचआयव्ही कशाने होतो याची या मुलाकडे माहिती कमी नव्हती. त्याला चाचणीच्या खोलीपर्यंत कोणाच्या नजरेत न येता पोचायचं होतं, आणि तो रस्ता त्याला कोणी दाखवला नव्हता.

मुलगा

यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका. मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वय वीस. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. आई स्वतःचं निंदण आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात जाते. पहिलं वर्ष त्याने एसटीच्या पासवर काढलं. दुसऱ्या वर्षी तिघांबरोबर तालुक्याला खोली केली, कारण पहाटे मैदान गाठायचं तर गावाहून निघणारी पहिली गाडी कामाची नव्हती. मैदान म्हणजे पोलीस भरती. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. तालुक्याच्या कॉलेजात निम्मी पोरं पदवीसाठी येतात आणि सगळीच भरतीसाठी, असं तिथले एक प्राध्यापक हसत म्हणतात. ते फार चूक नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गावातल्या पोरांसोबत पुण्याकडे एका कंपनीत कंत्राटी कामाला गेला. दोन महिने पॅकिंग. तिथे सोबत काम करणाऱ्या एका मुलीशी ओळख झाली आणि पुढे काही वेळा संबंध आले, कंडोमशिवाय. का, असं नंतर विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की पहिल्यांदा दुकानात मागायला जीभ वळली नाही, आणि पुढच्या वेळी वाटलं, मागच्या वेळी काही झालं नाही तर आता काय होते. यातलं दुसरं कारण समुपदेशकांना रोज ऐकायला मिळतं. पहिल्यावर आपण फार बोलत नाही. गावाकडे तर मेडिकलवाला बापाच्या ओळखीचा असतो. कंडोम घ्यायला पोरं शेजारच्या तालुक्याला जातात, आणि तेवढं भाडं नेमकं त्या वेळी खिशात असतंच असं नाही.

जूनमध्ये परत आल्यावर त्याच्या लिंगावर एक लहानसा व्रण उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. महिनाभरात आपोआप गेला, म्हणून तोही विसरला. मग पावसाळा लागला. नायलॉनची चड्डी, घाम, ओले कपडे तसेच अंगावर, आणि ऑगस्टमध्ये जांघेत लाल, गोल, खाजरे चट्टे. मेडिकलवरून मलम आणलं, लावलं की दोन दिवस आराम पडायचा आणि चट्टा आणखी पसरायचा. अशा मलमांत बहुतेक वेळा स्टिरॉईड मिसळलेलं असतं. त्याने खाज दबते, बुरशी मात्र माजते.

हा झाला साधा गजकर्ण. पण रात्री मोबाईलवर त्याने ‘एचआयव्हीची लक्षणं’ शोधली आणि त्यात अंगावरचे चट्टे सापडले. तिथून त्याची झोप उडाली.

जो व्रण महत्त्वाचा होता त्याने घाबरवलं नाही, आणि ज्याने घाबरवलं तो चार-सहा आठवड्यांच्या मलमाने जाणारा आजार होता. वैद्यकीयदृष्ट्या या प्रकरणाचा गाभा हाच आहे, पण तो कळायला अजून महिना जायचा होता.

आता त्याला काय माहीत होतं ते पाहू. मागच्या वर्षी १ डिसेंबरला कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. एचआयव्ही कशाने होतो याचे चारही मार्ग त्याने रंगीत खडूने काढले होते: असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, हेही त्यात होतं. कोपऱ्यात १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता. नंबर फुकट लागतो हे माहीत होतं. चौघांच्या खोलीत बसून तो लावायचा कसा, हा प्रश्न पोस्टरच्या बाहेरचा होता.

माहीत नसलेल्या गोष्टींची यादी वेगळीच आहे. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू केल्या आणि २८ दिवस घेतल्या तर एचआयव्ही टाळता येऊ शकतो, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. लागण झाल्यावर चाचणीत ती दिसायला काही आठवडे जातात, आणि तीन महिन्यांनंतरच्या साध्या चाचणीवर भरवसा ठेवता येतो, हेही नाही. एचआयव्हीवरची एआरटी ही औषधं सरकारी केंद्रावर २००४ पासून फुकट मिळतात, २०१७ पासून तर चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच सुरू होतात, आणि नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका खाली गेला की त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही, हे त्याला सांगितलं असतं तर त्याने त्या रात्री एवढ्या अंधारात काढल्या नसत्या. एचआयव्हीशिवाय संबंधातून होणारे दुसरे आजार असतात, याची त्याची कल्पना एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ या जाहिरातीपुरती होती.

आणि चाचणी कुठे होते? कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात. त्या फलकासमोरून तो वर्षभर गेला होता. पण त्याची वहिनी गरोदर असताना तिथे जाऊन आली होती, म्हणून ती खोली बायांची, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी आपल्याकडे नेमाने होते, त्यामुळे गावोगाव हा समज आहे. शिवाय केसपेपरच्या खिडकीवर रांगेत उभं असताना ‘काय तरास आहे?’ असं मोठ्याने विचारतात, आणि तिथला शिपाई त्याच्याच गावचा.

रूममेटने तोडगा काढला. “अबे, शिबिर हाय ना कॉलेजात. रक्त दे. काई असन त ब्लड बँकवाले फोन करतेत. नसन त करतच नाई.”

शिबिर

२४ सप्टेंबर, रासेयोचा स्थापना दिन. रक्तदान शिबिर, सकाळी दहापासून. मंडप, बॅनर, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, दात्याला प्रमाणपत्र, केळी आणि बिस्किटांचा पुडा. एका लांब टेबलावर रासेयोचे स्वयंसेवक अर्ज भरून घेत होते. अर्जात प्रश्न असतात: कावीळ झाली होती का, अलीकडे गोंदवून घेतलं का, धोक्याचे लैंगिक संबंध आले का. स्वयंसेविका प्रश्न वाचून दाखवत होती आणि मागे वर्गातली पोरं उभी होती. त्याने सगळ्याला ‘नाही’ सांगितलं. त्या टेबलावर दुसरं उत्तर कोण देईल?

रक्तपेढी प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी करते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलीस आणि मलेरिया. म्हणून रूममेटचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. तो धोक्याचा आहे, कारण लागण नुकतीच झाली असेल तर त्या काही दिवसांत चाचणीत काही दिसत नाही आणि पिशवी ‘चांगली’ म्हणून पुढे जाते. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढले की ती तीन रुग्णांपर्यंत पोचते. विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. इथे सिकलसेलची घरं आहेत, थॅलेसेमियाची मुलं आहेत, ज्यांना रक्त लागत राहतं. २०२२ मध्ये नागपुरात रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं आणि त्यातलं एक मूल दगावलं. चाचणी करून घ्यायची म्हणून रक्त देणारा दाता हा रक्तपेढ्यांचा जुना प्रश्न आहे. तो दाता बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो, घाबरलेला असतो.

म्हणून या मुलावर रागावून भागत नाही. शिबिराच्या बॅनरवर ‘रक्तदान श्रेष्ठदान’ होतं. ‘स्वतःची तपासणी करून घ्यायची असेल तर रक्त देऊ नका, त्यासाठी अमुक खोलीत जा, ती फुकट आहे’ एवढी एक ओळ कुठेही नव्हती. पिशव्यांचा आकडा वाढावा यावर सगळ्यांचा डोळा. नेत्याच्या वाढदिवसाला होणाऱ्या शिबिरांत तर हा आकडाच कार्यक्रम असतो.

फोन

अर्जावर त्याने बापाचा मोबाईल नंबर दिला होता, कारण स्वतःचा रिचार्ज संपला होता. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन गेला तो बापाला. “तुमच्या मुलाला जिल्ह्याला रक्तपेढीत पाठवा, एक तपासणी पुन्हा करायची आहे.” फोन करणारीने याहून एक शब्द जास्त सांगितला नाही. तिने नियम पाळला. पण दुसऱ्याच्या कानावर तेवढं पडणंही पुरेसं होतं.

बाप दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तालुक्याला आला आणि खोलीवर न जाता थेट कॉलेजात, स्टाफरूमच्या दारात. “सर, माह्या पोराच्या रक्तात काय निंगालं जी?”

स्टाफरूममध्ये पाच-सहा जण होते. रासेयोच्या सरांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं, चहा पाजला, पण वाक्य बोलून झालं होतं. रक्तात काहीतरी निघालं म्हणजे काय, यावर आपल्याकडे एकच अर्थ लावतात. दुपारी कँटीनमध्ये, संध्याकाळी मैदानावर. रूममेट्सनी बादली आणि ताट वेगळं केलं. ज्याने शिबिराचा सल्ला दिला होता तोही त्यात होता. याच पोरांनी रॅलीत घोषणा दिल्या होत्या आणि ताटाने एड्स होत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं. आठवड्याभरात घरमालक म्हणाले की दिवाळीपासून पाहुणे येणार आहेत, खोली लागेल.

मुलगा तोवर जिल्ह्याला गेलाच नव्हता. त्याला रक्तपेढीतून काही कळायच्या आधी गावाला सगळं कळलं होतं.

केंद्रावर

रासेयोचे सर त्याला स्वतःच्या मोटारसायकलवरून जिल्ह्याला घेऊन गेले. रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून सांगितलं. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह होती. सिफिलीसची रिॲक्टिव्ह, म्हणजे लागण असावी असं दाखवणारी, आली होती.

त्याला सिफिलीस हा शब्द माहीत नव्हता. डॉक्टर म्हणाले, गरमी. हा शब्द त्याने ऐकला होता, शिवी म्हणून.

तिथून त्याला जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवलं. संबंधातून होणाऱ्या आजारांच्या तपासणीची ही सरकारी सोय मोठ्या रुग्णालयांत असते आणि तिची जाहिरात कुठल्याच भिंतीवर दिसत नाही. जूनमधला तो न दुखणारा व्रण डॉक्टरांनी विचारून विचारून काढला. सिफिलीसचा पहिला टप्पा असाच असतो: न दुखणारा व्रण येतो, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, आणि माणूस समजतो गेलं एकदाचं. जंतू आत राहतो. वर्षानुवर्षं उपचार झाला नाही तर तो हृदयाला, मेंदूला धरू शकतो, आणि गरोदर बाईकडून बाळाला जाऊ शकतो. असा व्रण असताना एचआयव्हीची लागण होणंही सोपं जातं. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने निदान पक्कं केलं. पेनिसिलिन चालतं का पाहिलं, मग बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. त्या रात्री ताप येऊ शकतो, घाबरू नको, असं बजावून ठेवलं होतं. ताप आला, सकाळी उतरला. जांघेतला गजकर्ण पाहून त्वचारोगाच्या डॉक्टरांनी आधीचं मलम बंद केलं, दुसरं दिलं आणि सुती चड्डी वापरायला सांगितली.

क्लिनिकमध्ये आलेल्या प्रत्येकाला एचआयव्हीची चाचणी सुचवतात, म्हणून आयसीटीसीतही तो बसला. समुपदेशक मॅडमनी दार लावलं, आधी बोलल्या, मग त्याची संमती घेतली. पॉझिटिव्ह आली तर काय, निगेटिव्ह आली तर काय, हे चाचणीच्या आधी सांगितलं. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तरी वेगवेगळ्या किटने आणखी तपासण्या केल्याशिवाय कोणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. शेवटच्या संबंधाला चार महिने होत आले होते. निकाल निगेटिव्ह.

“म्हणजे मले काई नाई?” त्याने विचारलं.

“एचआयव्ही नाही. सिफिलीस होता, त्याचं इंजेक्शन झालं. आता त्या मुलीला सांगायचं आहे.”

इथे तो अडला. तिचं नाव सांगायला तयार नव्हता, आणि सांगण्याची सक्तीही कोणी केली नाही. मॅडमनी तिच्यासाठी एक चिठ्ठी दिली, जी दाखवून ती कुठल्याही सरकारी क्लिनिकमध्ये जाऊ शकते. तिला कळवणं का गरजेचं आहे ते सांगितलं: ती उपचाराविना राहिली तर उद्या तिच्या बाळापर्यंत जाईल, आणि तिला कदाचित काहीही त्रास जाणवत नसेल, कारण बाईला हा व्रण आत आला तर दिसतच नाही. मुलगा म्हणाला, फोन करतो. केला की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बापाला काय सांगायचं हे मुलाने ठरवलं. मॅडमनी फक्त विचारलं की सोबत बसू का. तो हो म्हणाला. बापाने एकच गोष्ट विचारली, “एड्स त नाई ना?” मुलाने सांगितलं, नाही, दुसरा आजार होता, सुई घेतली, बरा होतो. बापाने पुढे विचारलं नाही. विचारायचं टाळलं की तेवढंच हवं होतं, मला सांगता येणार नाही.

कॉलेजचा पेच

या प्रकरणातला मला सर्वांत अवघड वाटणारा भाग इथून पुढे आहे.

प्राचार्य चांगल्या मनाचे माणूस. त्यांनी सुचवलं की मुलाचा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तर त्याच्या परवानगीने वर्गात सांगून टाकू. अफवा संपेल, खोली वाचेल. मुलालाही ते हवं होतं. सरांना पटलं होतं.

समुपदेशक मॅडम ठाम नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की आज ‘याला नाही’ असं कॉलेजने जाहीर केलं, तर उद्या ज्याला आहे त्याच्याबद्दल कॉलेज गप्प राहिल्यावर सगळ्यांना कळेल की याला आहे. एकाची सुटका दुसऱ्याची ओळख ठरते. शिवाय तो निगेटिव्ह आहे म्हणून ताट वेगळं करू नका, असं सांगितलं की पॉझिटिव्ह असता तर ताट वेगळं करणं बरोबर होतं, असाच अर्थ निघतो.

मला मॅडमचं पटतं. पण मुलाच्या जागी बसून पाहिलं तर प्राचार्यांचंही पटतं, आणि तो जर म्हणाला असता की माझा रिपोर्ट मीच फळ्यावर लावतो, तर त्याला अडवायचा अधिकार कोणालाच नव्हता. शेवटी तो म्हणाला, “मॅडम म्हणतेत तसंच करा.” खोली गेलीच. दुसरी मिळाली, मैदानापासून लांब.

कायद्याचा इथे आधार मिळत नाही, हेही नोंदवायला हवं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. शिक्षण, नोकरी, दवाखाना, भाड्याची खोली यांत भेदभाव करायला त्यात बंदी आहे, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, माहिती फोडता येत नाही. पण त्यातलं भेदभावापासूनचं संरक्षण एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसांना आहे. ज्याला एचआयव्ही नाही, फक्त अफवा आहे, तो त्या व्याख्येत बसत नाही. आणि घरमालकांनी तर पाहुण्यांचं कारण दिलं होतं.

वर्गात सर बोलले, पण या मुलाबद्दल एक शब्द न काढता. रक्तपेढीतून फोन येण्याची कारणं कोणकोणती असतात ते सांगितलं: कावीळ, मलेरिया, चाचणी चुकीने रिॲक्टिव्ह येणं, आणखी काही. अफवा त्याने थांबली नाही. बोलणाऱ्यांचा आवाज मात्र थोडा खाली आला.

मग त्यांनी ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक पेटी ठेवली. नाव न लिहिता चिठ्ठी टाका, उत्तर शनिवारी मिळेल. सरांना वाटलं होतं टिंगल येईल. टिंगल आलीही. पण उरलेल्या चिठ्ठ्या वाचून ते गंभीर झाले. हस्तमैथुनाने भरतीत दम कमी पडतो का. एकदाच झालं तर होते का. लग्नाआधी मुलाची चाचणी मागता येते का. कंडोम आणायला सांगितलं तर तो म्हणतो तुला एवढं कसं माहीत. अंगावरून पांढरं जाते, हे एड्सचं लक्षण आहे का.

शेवटच्या प्रकारच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त होत्या, आणि अक्षरावरून वेगवेगळ्या मुलींच्या. तोवर कॉलेजचा सगळा विचार मुलग्यांभोवतीच फिरत होता. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध केलं ते आठवतं: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायांच्या नातींच्या वयाच्या मुली आज या कॉलेजात आहेत, हातात मोबाईल आहे, आणि प्रश्न चिठ्ठीवरच लिहावा लागतो. मुलींच्या चिठ्ठ्यांची उत्तरं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी दिली, मुलग्यांना बाहेर बसवून. पाळीच्या आधी किंवा मधल्या दिवसांत येणारा पाण्यासारखा स्राव नेहमीचा असतो, वास, खाज, रंग बदलला तर तपासून घ्यायचं, औषध फुकट असतं, आणि हे एचआयव्हीचं लक्षण समजून घाबरायचं नाही. अर्ध्या तासाचं ठरलं होतं, दोन तास चाललं.

महाराष्ट्रात शाळेतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये थांबवला गेला होता, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या बंग दांपत्याच्या संस्थेची ‘तारुण्यभान’ शिबिरं शरीर, नातं, जबाबदारी यांवर उघड बोलतात, पण प्रत्येक तालुक्याला एक राणीताई कुठून आणायची? पेटी आणि बोलायला तयार असलेल्या एक डॉक्टर बाई, एवढं मात्र बहुतेक ठिकाणी जमू शकतं. अकरावी-बारावीची मुलं त्याच आवारात असतात, हे तेवढं ध्यानात ठेवावं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीच्या लैंगिक संबंधाची गोष्ट समजली तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरतं. चिठ्ठीवर नाव नको, याचं तेही एक कारण.

पुढच्या वर्षी

मुलाची सहा महिन्यांनंतरची रक्ततपासणी झाली. सिफिलीसच्या चाचणीतला आकडा हवा तसा खाली आला होता. त्याची सगळी चिंता भरतीच्या मेडिकलची होती. सिफिलीसच्या एका प्रकारच्या चाचणीत बरं झाल्यावरही रिॲक्टिव्ह दिसत राहू शकतं, म्हणून उपचाराचा कागद जपून ठेवायला मॅडमनी सांगितलं. त्याने त्याचा फोटो काढून स्वतःलाच मेल केला. घरी कागद ठेवायला जागा नाही म्हणाला.

पुढच्या शिबिरात सरांनी तीन गोष्टी बदलल्या. अर्ज भरायचं टेबल वर्गाच्या आत, एका वेळी एक जण, आणि प्रश्न रक्तपेढीच्या माणसांनीच विचारायचे, स्वयंसेवकांनी नाही. मोबाईल नंबर स्वतःचाच, नसेल तर प्रत्यक्ष कधी भेटायचं ते लिहून घ्यायचं. आणि दारावर ठळक अक्षरात: तपासणीसाठी रक्त देऊ नका, चाचणी ग्रामीण रुग्णालयात फुकट आणि गुप्त होते. खाली नकाशा, वेळ, आणि केसपेपरच्या खिडकीवर फक्त ‘समुपदेशन’ एवढंच सांगा, ही सूचना. रुग्णालयातल्या मॅडमशी बोलून ही शेवटची सोय त्यांनी आधीच पक्की केली होती. रुग्णालयाची वेळ आणि तासिकांची वेळ एकच पडते, त्यावर मात्र तोडगा निघाला नाही. महिन्यातून एकदा समुपदेशकांनी कॉलेजात बसावं हा प्रस्ताव संस्थेकडे गेला, आणि ‘कॉलेजचं नाव होईल’ म्हणून पडून आहे. इथे नाव होणं म्हणजे बदनामी.

पिशव्या आधीच्या वर्षीपेक्षा कमी भरल्या. काही पोरं दारावरचं वाचून परत फिरली. अध्यक्षांनी कारण विचारलं. सरांनी सांगितलं की परत फिरलेली पोरं रुग्णालयात गेली असतील तर शिबिर यशस्वी झालं. किती गेली, असा पुढचा प्रश्न आला. कॉलेजच्या वयाचे किती जण आले एवढा एकूण आकडा केंद्राकडून मिळू शकतो, कोण आले हे मिळणार नाही आणि मिळूही नये, असं सरांनी उत्तर दिलं. अहवालाच्या नमुन्यात मात्र लाभार्थ्यांची यादी आणि दोन छायाचित्रं जोडायची असतात.